पाच राजधान्यांची पाहणी

३ ऑगस्ट, सिंदेवाही

ही डायरी देवरावभाऊच्या राइस मिलची. जानेवारीत फुकट मिळाली आणि गाडीच्या डिकीत पडून राहिली. पहिली सात महिन्यांची पानं कोरीच जातील. आजपासून लिहितो, कारण काम मोठं काढलंय आणि डोक्यावर पहिल्यासारखा भरवसा राहिला नाही. घरात आमची हिंदी-मराठीची खिचडी चालते, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच हाताशी येते.

काम असं. काल मिलवर चहाला बसलो होतो. देवरावभाऊ नागपूरच्या कुठल्याशा टूर कंपनीचा रंगीत कागद सगळ्यांना दाखवत होता. लंडन, पॅरिस, रोम, व्हिएन्ना, बर्लिन. पाच राजधान्या, माणशी सव्वातीन लाख. मला हसूच आलं.

"सव्वातीन लाखात मी अख्खी बस अजमेरले नेऊन आणतो, अन् वरून बिर्याणी खाऊ घालतो."

"अजमेर अन् युरोपात फरक हाय ना जी, जाफरभाऊ."

"फरक कायचा? तिथीबी लोकं झोपतेत, खातेत, संडासले जातेत. मी अर्ध्यात करून दाखवतो."

सगळे खो खो हसले. मग देवरावभाऊनं टाळीसाठी हात पुढे केला. "करून दाखव. आमी सात जण तयार हाओत."

मी टाळी दिली. घरी येईपर्यंत वाटत होतं की बरं केलं. घरी आल्यावर नकाशा पाहिला.

५ ऑगस्ट

माझी कामाची रीत इथं लिहून ठेवतो. नवीन ठिकाणी पहिल्यांदा मी गिऱ्हाईक न नेता जातो. त्याला आम्ही पाहणी म्हणतो. पाण्याचा नळ, संडास, बस कुठं उभी राहील, गाडीवरचा स्वयंपाकी पत्रूची चूल कुठं मांडता येईल, लोकांना सतरंज्या टाकून निजायला हॉल आहे का, दर काय. सगळं लिहून घ्यायचं आणि शेवटी एक प्रश्न: गाडी पुन्हा आणायची का? त्यापुढे हो किंवा नाही. पाहणी न करता मी आजवर एकही ट्रिप नेलेली नाही, म्हणून तर चंद्रपूर-गडचिरोलीतले लोक डोळे मिटून माझ्या गाडीत बसतात.

अजून एक नियम आहे. पाहणीला गेलं की कोणाच्या घरचं खायचं नाही, चहासुद्धा नाही. एकदा कोणाचं मीठ खाल्लं की दर पाडून मागायला जीभ उचलत नाही. आपला तांदूळ आपल्याजवळ ठेवायचा.

बायकोला, नूरीला, सांगितलं की युरोपच्या पाहणीला जातोय. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मीबी येतो."

"तू काऊन?"

"बायांची सोय तुमाले काय दिसनार हाय? तुमी तं फक्त बस उभी करायची जागा पाहता."

हे खरं आहे. अजमेरला बायकांच्या न्हाणीला कडी नव्हती, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं.

कागदावर शेवटी बर्लिन आहे. त्याबद्दल मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. अरीबा तिथं आहे. आमची मोठी. दवाखान्यात नर्स आहे, चार वर्षं झाली. आधी बुकिंगचं सगळं तीच पाहायची. पाहणीला यायची तेव्हा मी बोलायचो आणि ती लिहायची, कारण माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. दुसरी गाडी मी तिच्याच भरवशावर घेतली होती. मग ती नागपूरला राहून जर्मन शिकली आणि एक दिवस तिनं नोकरीचा कागद माझ्यापुढं ठेवला. ती गेली त्या दिवशी मला मार्कंड्याच्या देवळाची ट्रिप होती, म्हणून विमानतळावर जाणं झालं नाही. तेव्हापासून तिचं-माझं बोलणं नाही. भांडण म्हणून नाही, फक्त बोलणं नाही. दुसरी गाडी विकून टाकली.

१० ऑगस्ट

रविवारी नूरी आणि अरीबा व्हिडिओवर बोलतात. मी बाजूच्या खुर्चीवर पेपर वाचत असतो. फोनमध्ये मी दिसत नाही, तशीच खुर्ची ठेवली आहे.

आज लक्ष पेपरात होतं, तरी कानावर पडायचं ते पडलंच. तिची रात्रपाळी संपली. हातमोज्यांनी बोटांची सालं निघतात. खालच्या मजल्यावरची म्हातारी तिला जिन्यात गाठून बोलत बसते. खिडकीत मिरचीची कुंडी आहे, दोनच मिरच्या लागल्या, पानं आखडून राहिलीत.

फोन ठेवल्यावर मी नूरीला म्हटलं, "तिले सांग, राख टाक म्हणा पानांवर."

"तुमीच सांगा ना."

"मी पेपर वाचत होतो."

१७ ऑगस्ट

पहिला हिशोब मी माझ्या पद्धतीनं केला. दिल्लीहून विमान, तिकडं एक बस भाड्यानं, पत्रू, दोन शेगड्या, दोन सिलिंडर, तांदूळ इथून, निजायला कुठल्यातरी मशिदीचा नाहीतर देवळाचा हॉल. माणशी पंच्याण्णव हजार. फार खूश होतो.

जिशाननं वाचलं. आमचा लहान, मोबाईलचं दुकान आहे त्याचं, बाहेरच्या जगाचं त्याला कळतं. तो हसला नाही, पण हसू दाबत होता ते मला दिसलं.

"अब्बा, सिलिंडर विमानात चढत नाई."

"तिथी घेऊ."

"पत्रूकाकानं फूटपाथवर शेगडी पेटवली तं पोलीस येईन. अन् तुमी बस लावली तं तासाचे पैसे घेतेत. भाजीवाले, दूधवाले सारे शहरात यायचे पैसे देतेत काही ठिकाणी."

म्हणजे गाडी आणायची म्हटली तर गाडीनं गावात पाय ठेवायचे पैसे, उभं राहायचे पैसे आणि आतल्या माणसाला मुतायचे पैसे. बस रद्द केली. माणसं त्यांच्याच रेल्वेनं फिरतील. पत्रूही रद्द झाला, त्याला अजून सांगितलेलं नाही.

२४ ऑगस्ट

लंडन गेलं. तिथला व्हिसा वेगळा, त्याचे पैसे वेगळे. बाकीच्या देशांना मिळून एकच चालतो. म्युझियम फुकट आहेत तिथं, ते सोडायचं जिवावर आलं, पण नुसत्या म्युझियमवर माणूस जगत नाही.

२८ ऑगस्ट

पॅरिस गेलं. जिशाननं खाटेचा दर दाखवला, एका रात्रीचे साडेसात हजार, तेही वरची खाट. देवरावभाऊचा भाचा म्हणतो की त्याला याच्या अर्ध्यात मिळाली होती. जिशानला नीट शोधता येत नाही. नूरी म्हणाली, "राहू द्या, लोखंडाचा मनोरा तं फोटोतबी तसाच दिसते."

मग रोम गेलं. ते नकाशात एका बाजूला पडतं, जायचं-यायचं भाडं अंगावर येतं. रोममध्ये रस्त्यावर प्यायच्या पाण्याचे नळ आहेत म्हणतात, चांगलं गाव दिसतं.

रोमच्या जागी प्राग घातलं. तीही राजधानीच आहे आणि व्हिएन्नाहून बर्लिनला जाणारी रेल्वे तिच्यातूनच जाते. असं करून व्हिएन्ना, प्राग, बर्लिन राहिलं. जिकडून पाहावं तिकडून हिशोब बर्लिनलाच जाऊन टेकतो. विमानही तिथूनच परत स्वस्त आहे. जिशाननं तीन-तीनदा दाखवलं. मी काय करू, स्वस्त आहे तर आहे.

तिथं होस्टेलच बुक करायला सांगितलं. चार रात्री. नूरी एवढंच म्हणाली, "बरं."

३१ ऑगस्ट

तिकिटं काढली. जाणं सात ऑक्टोबरला. दोघांचे मिळून एक लाख अठरा हजार गेले. एवढ्यात जुनी जीप आली असती.

१६ सप्टेंबर

मुंबईला व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो. हा खर्च मी धरलाच नव्हता. नागपूरहून रेल्वे, एक रात्र लॉज, दोन वेळचं जेवण. युरोपच्या बजेटमध्ये मुंबईच सगळ्यात महाग पडेल असं दिसतंय. देवरावभाऊला सांगताना हे आधी सांगायला पाहिजे.

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "जर्मनीमध्ये नातेवाईक कोणी?"

मी म्हटलं, "होस्टेल बुक आहे."

नूरी म्हणाली, "मुलगी हाय."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी बॅगेची चेन लावली.

२५ सप्टेंबर

देवरावभाऊ घरी आला होता. पेढे घेऊन आला तेव्हाच मला शंका आली.

"जाफरभाऊ, राग नको मानू बाप्पा. आमचं थायलंडचं ठरून राह्यलं. सातही जणाचं. तिथी गरमबी असते अन् भातबी भेटते."

"टाळी दिली होती ना तुमी?"

"दिली होती. पण तुह्या वहिनीले थंडी सहन होत नाई. तू नको जाऊ आता, उगाच खर्चात पडशीन."

पेढे खाल्ले. तो गेल्यावर बराच वेळ ओसरीवर बसून होतो. गिऱ्हाईकच नाही तर पाहणी कशाची? जिशानला विचारलं की तिकीट रद्द केलं तर काय मिळेल. तो म्हणाला, अर्ध्याच्या खाली. अर्धे पैसे पाण्यात जाणार. पैसे बुडवणं माझ्या स्वभावात नाही, हे गावाला माहीत आहे.

व्हिसाही आलाय, म्हणून जावं लागेल. दुसरा इलाज नाही.

नूरीला हे सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. तिनं एक सदरा दोनदा झटकला आणि आत निघून गेली. नाराज झाली असेल.

२ ऑक्टोबर

पत्रू आला. हा राहतो कुरखेड्याच्या पुढं जंगलातल्या गावात. त्याच्या हातची डाळ खायला लोक ट्रिपला येतात. अरीबा लहानपणी ट्रिपला यायची तेव्हा याच्याच चुलीजवळ बसून कांदे मोजायची.

"देवराव तं नाई म्हनला म्हनते, भाऊ. मंग आता कोनाची पाहणी?"

"लोकं येतीन पुढच्या वर्षी. दर तं काढून ठेवा लागते."

"हो ना जी," तो म्हणाला आणि पिशवीतून एक पुडकं काढलं. चारोळी. उन्हाळ्यात मंगलीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वेचून फोडून ठेवलेली. एवढी चारोळी बाजारात नेली असती तर चार पैसे झाले असते. "पोरीले द्या. तिले खिरीत आवडे."

"पत्रू, सामानाचं वजन ठरलेलं रायते. अन् मी तिच्या घरी जाणार का नाई, काई ठरलं नाई."

"नाई ठरलं तं वापस आना," असं म्हणून त्यानं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. त्याला कुठं घाई होती. चहा पिऊन गेला.

तांदूळ दहा किलो बांधला. मिलवरचा जुना, चांगला मोकळा होणारा. दोन माणसांना एवढा लागत नाही, पण परक्या मुलखात कमी पडायला नको. नूरीनं डाळ, तिखट, हळद, मीठ घेतलं. मी म्हटलं, "मीठ तिथी भेटते." ती म्हणाली, "राहू द्या."

७ ऑक्टोबर, विमानात

खिडकीची जागा मिळाली. खाली ढग. फुकट जेवण आलं ते खाल्लं, तिकिटात धरलेलंच आहे, त्यामुळे नियमात बसतं.

नूरी म्हणाली, "पोरगी एकटी बसली होती अशी, चार वर्षापयले. पयलंच विमान होतं तिचं."

"त्या दिवशी मार्कंड्याची ट्रिप होती," मी म्हटलं.

"ट्रिप दुसऱ्या दिवशी होती."

असेल. एवढं जुनं कोण लक्षात ठेवतं. नंतर बराच वेळ ढगच होते.

९ ऑक्टोबर, व्हिएन्ना

पाहणी. पाणी: नळाचं थंडगार, गोड, फुकट. संडास: स्टेशनवर नाणं टाकल्याशिवाय दार उघडत नाही, पन्नास रुपयांच्या घरात. निजायला: बायकांची खोली वेगळी, बाप्यांची वेगळी, सहा-सहा खाटा. माझ्या वरच्या खाटेवर एक पोरगा आहे, पायमोजे माझ्या डोक्यावर लटकवतो. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. नूरीनं डाळ-भात केला तर तीन देशांची पोरं वास घेत आली. होस्टेल गल्लीत आत आहे, स्वस्त आणि शांत. यावेळी जिशाननं नीट शोधलं.

एक मोठा राजवाडा आहे. आत जायचे तिकीट माणशी तीन हजारांवर, मागची बाग मात्र फुकट. आम्ही बागेत फिरलो. नूरी सरळ टेकडीकडं निघाली. म्हणाली, वरून सारं शहर दिसतं. खरंच दिसलं. तिला कसं कळलं देव जाणे, माझ्याआधी नकाशा तिनं पाहिलेला नाही. वर बाकावर बसून आम्ही घरचे पापड खाल्ले. गार वारा होता, ऊन कोवळं होतं. तिकीट काढून आत गेलेली माणसं दमून बाहेर येत होती. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी फिरलो नव्हतो, नेहमी मागं पन्नास माणसं. बरं वाटलं. तिला तसं बोललो नाही, पण तिची शाल मी धरली.

चहा दोन कप, आठशे रुपये. घोट घोट करून प्यायलो.

गाडी पुन्हा आणायची का? नाही. जागा चांगली, पण चहावर दिवाळं निघेल.

१२ ऑक्टोबर, प्राग

पाहणी. खाट व्हिएन्नापेक्षा स्वस्त. रस्ते दगडी, चढाचे, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे जातील. पुलावर फिरायला पैसे नाहीत, किल्ल्याच्या अंगणात जायलाही नाहीत. पैसे बदलायच्या दुकानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला दर आणि हातात पडणारा दर वेगळा निघतो. हे ट्रिपच्या लोकांना आधीच बजावून ठेवायला हवं. मग आठवलं, ट्रिप नाही.

तांदूळ पाहिला. निम्मासुद्धा संपलेला नाही. नूरी मूठ-मूठ शिजवते. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. आजारी नाही ना पडली, म्हणून कपाळाला हात लावला. ताप नव्हता. उलट चेहऱ्यावर तजेला होता.

दुपारी जिशानचा फोन. "अब्बा, बर्लिनचं होस्टेल आज संध्याकाळपर्यंत रद्द केलं तं सारे पैसे वापस भेटतेत. उद्यापासून नाई भेटत."

"रद्द काऊन करायचं?"

"नाई, म्हटलं सांगून ठेवाव."

"राहू दे तसंच."

संध्याकाळपर्यंत नदीकाठी बसलो. बदकं होती. नूरी एकदाही त्या विषयावर बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मग मीच म्हटलं, "घर पाहून घेऊ तिचं. तासभर. तुह्यासाठी. मंग होस्टेलले जाऊ."

"बरं," ती म्हणाली.

चार वर्षांनी काय बोलतात माणसं? देवरावभाऊशी, पोलिसाशी, आरटीओशी बोलताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत. आज नदीकाठी मी मनात जुळवून पाहत होतो आणि एक वाक्य सरळ होत नव्हतं. भीती वाटते आहे. इथं लिहायला हरकत नाही, ही डायरी कोण वाचतो.

गाडी पुन्हा आणायची का? पाहू.

१३ ऑक्टोबर, बर्लिन

रेल्वे नदीच्या काठाकाठानं आली. प्लॅटफॉर्मवर उतरलो तर अरीबा उभी. कोणत्या डब्यातून उतरणार तेही तिला माहीत होतं. नूरीनं सांगितलंच असणार.

बारीक झाली आहे. केस कापलेत. नूरीला बिलगली तेव्हा दोघींचे खांदे हलत होते. मी सामान मोजत होतो. तीन नग, बरोबर होते. मग ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"सलाम, अब्बा."

मी म्हटलं, "गाडी वेळेवर आली." प्रागपासून जुळवलेल्या सगळ्यातलं हेच तोंडातून निघालं.

"हो," ती म्हणाली. "द्या ते पोतं इकडं."

"जड हाय."

"पेशंट उचलतो मी रोज." तिनं उचललंही.

वाटेत ती नूरीला सांगत होती, व्हिएन्नाच्या त्या रस्त्यावरच्या होस्टेलपेक्षा आतलं बरं, तिथं खाटेमागं चारशे रुपये वाचतात, म्हणून जिशानला आतलं... एवढं बोलून ती थांबली आणि बाहेरची दुकानं दाखवायला लागली. जिशान बहिणीला सगळंच सांगत असतो वाटतं. पोराच्या पोटात काही राहत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर. फोनमध्ये पाहिलेलं, म्हणजे नूरीच्या खांद्यावरून ओझरतं दिसलेलं, त्यापेक्षा लहान निघालं. खिडकीत मिरचीची कुंडी. पानांवर राख टाकलेली होती. या शहरात राख कुठून आणली असेल? नवी पालवी फुटली आहे.

मी खुर्चीच्या कडेवर बसलो. तासभर बसायचं ठरलेलं. तिनं विचारलं नाही, सरळ ताटं मांडली. मी म्हटलं, "मी पाहणीत कोणाच्या घरचं खात नाई."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "मीच लिहीत होतो ना तुमची पाहणी. तुमच्या पोत्यातलाच तांदूळ हाय, अब्बा. दाळ, हळद, तिखट अम्मीच्या बॅगेतलं. मीठबी तिकडचंच. माही फक्त वीज लागली."

नूरी माझ्याकडं न पाहता पापड भाजत होती.

मी ताट पुढं ओढलं. भात मोकळा झाला होता, डाळ तर थेट पत्रूच्या हातची. पहिल्याच घासाला रडू आलं, ते मी ठसक्यावर ढकललं. अरीबानं पाण्याचा पेला पुढं केला.

"पाणी तं इथलंच हाय," मी म्हटलं.

"त्याचे लावा पैसे."

हसू आलं. चार वर्षांत तिच्यासमोर हसलो नव्हतो. ती पण हसली आणि मग तोंड फिरवून कुंडीत पाणी घालायला गेली. मी पेला संपवला. दुसरा मागितला.

जेवल्यावर चारोळीचं पुडकं दिलं. म्हटलं, पत्रूनं दिलंय, मला वापस नेता येत नाही, वजन होते. तिनं ते नाकाशी धरलं.

तास केव्हाच होऊन गेला. होस्टेलचं कोणीच काढलं नाही. शेवटी मीच जिशानला फोन केला आणि सांगितलं की होस्टेलला जाणं होत नाही, त्यांना कळव.

"अब्बा, आता एक पैसा वापस नाई भेटनार. चार रातीचे पुरे बुडतीन. काल म्हटलं होतं ना मी."

"बुडू दे," मी म्हटलं.

 फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो करत होतो.

१६ ऑक्टोबर, बर्लिन

पाहणी. (अक्षर अरीबाचं. अब्बा सांगून राहिले आहेत, मी लिहिते आहे. आधीची पानं त्यांनी अंगठ्यानं दाबून धरली आहेत, वाचू देत नाहीत.)

पाणी: गोड. नळाचंच प्यावं, बाटलीच्या नादी लागू नये.

संडास: एक, आतच. पैसे पडत नाहीत.

बस उभी करायची जागा: नाही. अब्बा खाली जाऊन दोन्ही बाजूंनी पाहून आले.

चूल: विजेची. पत्रूकाकाला जमणार नाही, शिकवावी लागेल.

बायकांची सोय: अम्मी म्हणते, न्हाणीला कडी आहे, चांगली आहे.

पाहायला: संसदेचा काचेचा घुमट. आधी नाव दिलं की फुकट. अब्बा वर जाऊन म्हणाले की अजमेरची गर्दी इथं मावणार नाही. शिवाय खालच्या मजल्यावरच्या आजी. त्यांना मराठी येत नाही, अब्बांना जर्मन येत नाही, काल जिन्यात दोघं अर्धा तास बोलत होते.

निजायची जागा: खाटेवर दोघं, खाली सतरंजीवर एक. जिशान आला तर स्वयंपाकघरात. त्यापेक्षा जास्त माणसं बसणार नाहीत, ट्रिप आणता येणार नाही, असं अब्बा दोनदा म्हणाले.

दर: मी विचारलं, किती लिहू? अब्बा म्हणाले, तू सांग. मी म्हटलं, वर्षातून एकदा येणं. अब्बा म्हणाले, महाग आहे. मग म्हणाले, लिही.

गाडी पुन्हा आणायची का?

अब्बांनी अजून सांगितलं नाही. मिरचीजवळ उभे आहेत, एक पिकलेली तोडून हातात धरली आहे. अम्मी भात चढवते आहे, आजपासून माझ्या डब्यातला. अब्बांनी पाहिलं, काही म्हणाले नाहीत.

आता म्हणाले, "लिही ना, हो. इतलंबी तुले सांगा लागते का?"